नाव आधी, माकड नंतर

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

आपल्याकडे फोटोग्राफर ‘स्माइल प्लीज’ म्हणतो. इंग्रज फोटोग्राफर ‘चीज’ म्हणायला लावतो, कारण तो शब्द उच्चारताना ओठ आपोआप फाकतात. फ्रान्समध्ये याच कामासाठी वेगळा शब्द आहे. लग्नाचं वऱ्हाड असो की शाळेतला वर्ग, कॅमेऱ्यामागचा माणूस सांगतो, ‘म्हणा, विस्तिती!’ आणि लहानथोर सगळे दात दाखवून ‘विस्तिती’ म्हणतात. हे विस्तिती म्हणजे एका माकडाचं नाव. आपल्या खारीपेक्षा जरासं मोठं, कानांवर पांढऱ्या केसांचे झुपके असलेलं, शेपटीवर आडवे पट्टे मिरवणारं हे माकड ब्राझीलच्या जंगलात राहतं. त्याचा आवाज फ्रेंचांच्या कानांना ‘विस्तिती, विस्तिती’ असा ऐकू आला, म्हणून ते नाव पडलं. आपल्या टिटवीचं नाव पडलं, तसंच.

इंग्रजीत मात्र या माकडाला मार्मोसेट म्हणतात. गंमत अशी की मार्मोसेट हा शब्दही मुळात फ्रेंचांचाच. त्यांनी तो इंग्रजांना दिला आणि स्वतः दुसराच शब्द वापरायला लागले. या शब्दाची जन्मकथा मोठी वळणावळणाची आहे. त्यात चर्चच्या भिंतीवरचे दगडी बाहुले आहेत, एका वेड्या राजाचे मंत्री आहेत, ठाण्याला येऊन गेलेला एक प्रवासी आहे, आणि आपल्या स्वयंपाकघरातले काजूही आहेत.

आधी या प्राण्याची थोडी ओळख करून घेऊ. मार्मोसेटच्या वीसहून अधिक जाती आहेत आणि त्या सगळ्या दक्षिण अमेरिकेत. साधा मार्मोसेट वजनाला पाव किलो ते चारशे ग्रॅम. त्याचा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला भाऊबंद, म्हणजे पिग्मी मार्मोसेट, तर शंभर-सव्वाशे ग्रॅमचा. जगातलं सर्वांत छोटं माकड ते हेच. बहुतेक माकडांना आपल्यासारखी चपटी नखं असतात. मार्मोसेटला पायाचा अंगठा सोडला तर बाकी सगळ्या बोटांना खारीसारख्या नख्या असतात. त्या खोडात रोवायच्या, खालच्या पुढच्या दातांनी साल खरवडायची आणि झाडाचा डिंक चाटायचा, हा त्याचा उद्योग. जोडीला किडे आणि फळं. मादीला बहुतेक वेळा जुळी पिल्लं होतात, आणि ती पाठीवर वागवण्याचं काम बाप आणि मोठी भावंडं करतात. आई दूध पाजण्यापुरती पिल्लांना घेते. एकत्र कुटुंबपद्धती म्हणावी तर अशी!

आता नावाकडे वळू. इंग्रजीत ‘मार्मोसेट’ शब्द चौदाव्या शतकाच्या अखेरीस आढळतो. युरोपातल्या माणसांनी ब्राझीलचा किनारा पाहिला तो १५०० साली. म्हणजे हे माकड युरोपातल्या कुणाच्या दृष्टीला पडण्याच्या शंभर वर्षं आधीपासून त्याचं नाव तिथे तयार होतं. बारसं आधी आणि बाळ नंतर! मग तोवर हे नाव होतं तरी कुणाचं?

ते नाव होतं दगडी बाहुल्यांचं. जुन्या फ्रेंच भाषेत ‘मार्मूझे’ म्हणजे वेडावाकडा चेहरा केलेली छोटी मूर्ती. मध्ययुगातल्या युरोपात चर्चच्या भिंतींवर, कमानींखाली, घरांच्या दारांवर असे बुटके, दात विचकणारे, डोळे वटारलेले बाहुले कोरत असत. आपल्याकडच्या जुन्या देवळांमध्ये खांबाच्या माथ्यावर छत पेलून धरणारे, पोट सुटलेले, कष्टानं तोंड वाकडं झालेले भारवाहक यक्ष आपण पाहतो. तशातलाच हा प्रकार. पॅरिसमध्ये नोत्रदामच्या भव्य चर्चजवळ एका गल्लीला मार्मूझेंची गल्ली असंच नाव होतं. तिथल्या एका घरावर कोरलेल्या अशा बाहुल्यांवरून ते पडलं, असं सांगतात. एकोणिसाव्या शतकात पॅरिसची नव्यानं आखणी झाली, तेव्हा ती गल्ली नकाशावरून गेली.

पण बाहुल्याला मार्मूझे का म्हणायचं? इथे कोशकारांमध्ये एकमत नाही. तीन मतं आहेत, आणि तिन्ही ऐकण्यासारखी आहेत.

पहिलं मत जुनं. लॅटिन भाषेत संगमरवराला ‘मार्मोर’ म्हणतात. दगडी मूर्ती म्हणून मार्मोर, आणि मार्मोरवरून मार्मूझे, असा हा तर्क. हे मत खरं धरलं तर आपल्याला एक नातं सापडतं. आपला ‘संगमरवर’ हा शब्द फारसी ‘संग-ए-मरमर’वरून आला. संग म्हणजे दगड, आणि त्यातला ‘मरमर’ हा ग्रीक ‘मार्मारोस’ या शब्दाचा वंशज. लॅटिन मार्मोरही त्याच ग्रीक शब्दावरून आलेला. म्हणजे ब्राझीलचं माकड आणि मकराण्याचा दगड नावानं चुलतभाऊ ठरतील! पण आजचे बहुतेक भाषाभ्यासक या व्युत्पत्तीला फारसं महत्त्व देत नाहीत. लोकांनी मागाहून जुळवलेला हा संबंध असावा, असं ते मानतात.

दुसरं मत आवाजावरचं. फ्रेंचमध्ये तोंडातल्या तोंडात पुटपुटणं याला ‘मार्मोते’ म्हणतात, आणि याच घराण्यातलं एक जुनं क्रियापद ‘मार्मूझे’ असंही होतं. जो सतत पुटपुटतो, ओठ हलवतो, तो मार्मूझे. माकडाचं ओठ हलवणं आणि दगडी बाहुल्याचं वाकडं तोंड, दोन्हीला हे लागू पडतं. ‘म’ आणि ‘र’ एकत्र आले की अस्पष्ट आवाजाचा भास होतो, हा अनुभव पुष्कळ भाषांचा आहे. संस्कृतात वाळक्या पानांच्या सळसळीला ‘मर्मर’ म्हणतात, इंग्रजीत कुजबुजीला ‘मर्मर’ म्हणतात. त्यासाठी शब्द एकमेकांकडून घ्यावे लागत नाहीत. आवाज सगळ्यांच्या कानांवर सारखाच पडतो.

तिसरं मत लहानपणाचं. जुन्या फ्रेंचमध्ये ‘मेर्म’ म्हणजे लहान, अजाण. हा शब्द लॅटिन ‘मिनिमुस’, म्हणजे सर्वांत लहान, यावरून आला. त्यावरून ‘मार्मो’, म्हणजे छोटं माकड, आणि पुढे छोटं पोर. आजही फ्रान्समध्ये लाडानं किंवा वैतागून पोराला ‘मार्मो’ म्हणतात आणि पोरांच्या घोळक्याला ‘मार्माय’. आपणही नाही का, घरातल्या दंगेखोर पोरांना ‘माकडं’ म्हणत? माकडाला पोर म्हणा किंवा पोराला माकड, दोन्हीकडे भावना तीच.

या तीन मतांपैकी एकच खरं असेल असंही नाही. शब्द हे नदीसारखे असतात. उगम एक दाखवता आला, तरी वाटेत ओढे मिळतच जातात. पुटपुटणारा, छोटा, वेड्यावाकड्या तोंडाचा, हे तिन्ही अर्थ मार्मूझेत येऊन मिळाले, एवढं म्हणता येतं.

इथे एक खुलासा करायला हवा. लडाखला जाऊन आलेल्या मराठी पर्यटकांच्या अल्बममध्ये पँगाँगच्या वाटेवर बिस्किट खाणाऱ्या एका गुबगुबीत प्राण्याचा फोटो हमखास असतो. त्याला मार्मोट म्हणतात. तो खारीच्या कुळातला, जमिनीत बिळं करून राहणारा. त्याचं नाव आल्प्स पर्वताकडून आलं, आणि लॅटिनमधल्या ‘डोंगरउंदीर’ अशा अर्थाच्या जोडशब्दाशी त्याचा संबंध लावतात. नावं सारखी असली, तरी मार्मोट आणि मार्मोसेट एकमेकांचे कुणी लागत नाहीत.

बाहुल्याचं नाव माणसाला चिकटायला वेळ लागत नाही. फ्रान्सच्या इतिहासात हे नाव थेट राजदरबारात पोचलं. सहावा चार्ल्स १३८० साली वयाच्या अकराव्या वर्षी गादीवर आला. कारभार त्याच्या काकांच्या हाती होता, आणि बर्गंडी आणि बेरी या परगण्यांचे ते ड्यूक खजिन्याची चिंता कमी आणि स्वतःची अधिक करत. १३८८ साली राजानं काकांना निरोप दिला आणि आपल्या वडिलांच्या काळातले जुने, कामाचे सल्लागार परत बोलावले. सेनापती ऑलिव्हिए द क्लिसाँ, ब्युरो द ला रिव्हिएर, झाँ ल मेर्सिए, झाँ द माँतेग्यू ही त्यांतली प्रमुख नावं. ही माणसं राजघराण्यातली नव्हती. काहींचं तर घराणंही सांगण्यासारखं नव्हतं. त्यांच्यामुळे ज्यांचं महत्त्व घटलं, त्या बड्या सरदारांच्या गोटातून या मंडळींना नाव मिळालं, ‘मार्मूझे’. सिंहासनाभोवतीचे बुटके बाहुले! फ्रान्सचे इतिहासकार आजही त्यांचा उल्लेख याच नावानं करतात.

चार वर्षं या बाहुल्यांनी कारभार चालवला. १३९२ सालच्या ऑगस्टमध्ये ल माँ गावाजवळच्या जंगलातून फौज चालली असताना राजाला अचानक वेडाचा झटका आला. त्यानं तलवार उपसून आपल्याच काही माणसांना ठार केलं. काकांनी लगेच सत्ता हाती घेतली. क्लिसाँ पळाला, रिव्हिएर आणि मेर्सिए तुरुंगात गेले. माँतेग्यू त्या वेळी बचावला, पण १४०९ साली त्याचाही शिरच्छेद झाला. तुच्छतेनं दिलेलं नाव कधीकधी किती जड पडतं, ते या चौघांना विचारावं.

याच चौदाव्या शतकात हा शब्द माकडांनाही लागू होत होता. बाहुल्यासारखं तोंड असलेलं छोटं माकड म्हणजे मार्मूझे. तेव्हा युरोपात येणारी माकडं आफ्रिकेतली, क्वचित आशियातली. श्रीमंतांच्या घरी साखळीला बांधलेलं माकड हा तेव्हाचा शौक होता. इंग्रजीत हा शब्द ज्या जुन्या पुस्तकांत येतो, त्यांतलं एक म्हणजे सर जॉन मँडेव्हिल या नावावर प्रसिद्ध असलेलं प्रवासवर्णन. हे पुस्तक मूळ फ्रेंचमध्ये चौदाव्या शतकाच्या मध्याला लिहिलं गेलं आणि मग युरोपातल्या बहुतेक भाषांत गेलं. त्यात चीनमधल्या एका मठाची हकीकत आहे. मठातला साधू जेवणातलं उरलंसुरलं घेऊन बागेत जातो, घंटा वाजवतो, आणि टेकडीवरून माकडं, मार्मोसेट आणि इतर प्राणी हजारोंच्या संख्येनं शिस्तीत खाली उतरतात. हे थोरामोठ्यांचे आत्मे आहेत, असं साधू सांगतो.

ही गोष्ट मँडेव्हिलनं स्वतः पाहिलेली नाही. त्यानं ती उचलली ओडोरिक या इटालियन धर्मोपदेशकाच्या वृत्तांतातून, आणि या ओडोरिकचा आपल्याशी थेट संबंध आहे. चीनला जाताना तो ठाण्याला उतरला होता. १३२१ साली ठाण्यात चार फ्रान्सिस्कन धर्मोपदेशक मारले गेले होते. त्यांच्या अस्थी ओडोरिकनं गोळा केल्या आणि जहाजातून चीनला नेल्या. मायदेशी परतल्यावर १३३० साली त्यानं आपली हकीकत सांगून लिहवून घेतली. ठाण्याच्या भागात कुत्र्याएवढे उंदीर असतात आणि मांजरांचं त्यांच्यापुढे काही चालत नाही, असंही त्यानं सांगून ठेवलंय. मुंबई-ठाण्याच्या घुशी ज्यांनी पाहिल्यात, त्यांना यात अतिशयोक्ती थोडीच वाटेल. ठाण्याहून पुढे गेलेल्या या माणसानं चीनच्या हांगचौ शहरात ती माकडांची पंगत पाहिली, आणि तिच्या उसन्या वर्णनातून मार्मोसेट हा शब्द इंग्रज वाचकांपर्यंत पोचला.

छोट्या माकडाचा माणसासारखा चेहरा हा त्या काळी धंद्याचाही विषय होता. मार्को पोलो सुमात्रा बेटाची हकीकत सांगताना एक लबाडी उघड करतो. तिथे माणसासारख्या तोंडाची अगदी छोटी माकडं असतात. ती मारायची, हनुवटीवरचे आणि थोडेफार इतर केस ठेवून बाकीचे उपटायचे, कापूर वगैरे लावून वाळवायची आणि ‘हिंदुस्थानातली बुटकी माणसं’ म्हणून विकायची! अशी माणसं हिंदुस्थानात कुठेच नाहीत, असं तो ठासून सांगतो. तेराव्या शतकातली ही फसवणूक ऐकताना आज हसू येतं. पण चेहरा आपल्यासारखा आणि आकार मुठीएवढा, म्हणून किंमत मोठी, हा हिशेब लक्षात ठेवा. पुढे तो पुन्हा येणार आहे.

१५०० सालच्या मार्चमध्ये पेद्रो काब्राल हा पोर्तुगीज दर्यावर्दी तेरा जहाजं घेऊन लिस्बनहून निघाला. त्याला जायचं होतं कालिकतला, मिऱ्यांसाठी. वाटेत आफ्रिकेला वळसा घालताना जहाजं पश्चिमेकडे फार दूर गेली आणि २२ एप्रिलला समोर एक अनोळखी किनारा दिसला. तोच ब्राझील. हिंदुस्थानच्या वाटेवर सापडलेला हा देश. तिथल्या झाडांवर माकडं होती, पण अशी माकडं युरोपनं कधी पाहिली नव्हती. १५१९ च्या डिसेंबरात मॅजेलनची जहाजं तिथे थांबली, तेव्हा त्याच्यासोबतचा पिगाफेट्टा हा इटालियन लेखक सिंहासारख्या दिसणाऱ्या, पिवळ्या, फार सुंदर माकडांची नोंद करतो. ही बहुधा मार्मोसेटची जवळची नातेवाईक, सोनेरी टॅमरिन माकडं. त्यांच्यासाठी तो इटालियनमधला ‘मामोनी’ हा शब्द वापरतो. तो आला अरबी-फारसी ‘मैमून’वरून, आणि फारसीत मैमून म्हणजे माकड. नवीन देश, नवीन प्राणी, आणि नाव जुन्याच पेटीतलं.

मार्मोसेटचं खरं गावचं नाव टिपून ठेवलं ते फ्रेंचांनी. रिओच्या उपसागरातल्या एका बेटावर १५५५ साली फ्रेंचांनी वसाहत थाटली होती. तिथे १५५७ साली झाँ द लेरी नावाचा तरुण जाऊन राहिला. त्याचं पुस्तक १५७८ साली प्रसिद्ध झालं. किनाऱ्यावरच्या तुपी लोकांमध्ये तो वावरला, त्यांची भाषा शिकला. खारीएवढ्या, तोंडावळ्यानं सिंहासारख्या एका देखण्या माकडाचं वर्णन त्यानं केलंय. तो म्हणतो, हे माकड इतकं नाजूक की समुद्रावरचं हेलकावणं त्याला सोसत नाही, आणि इतकं मानी की जरा मनाविरुद्ध झालं तर कुढून मरतं. तिकडच्या लोकांच्या शब्दावरून तो त्याला ‘सागुएँ’ म्हणतो. ब्राझीलमध्ये आजही मार्मोसेटला ‘सागुई’च म्हणतात. फ्रेंचमध्ये मात्र या शब्दाची गत वाईट झाली. आज तिथे ‘सागुएँ’ म्हणजे गबाळा, घाणेरडा माणूस.

ही तुपी भाषा आपल्याला परकी वाटते, पण तिचे शब्द रोज आपल्या तोंडात असतात. पोर्तुगीजांची जहाजं ब्राझीलहून गोव्याला रोपं घेऊन आली आणि रोपांबरोबर त्यांची नावंही. काजू हा शब्द तुपींचा. अननसाचं नावही त्याच भाषाकुळातलं. कोकणातल्या डोंगरउतारांवर ती झाडं अशी रुजली की हे शब्द बाहेरून आलेत असं कुणाला वाटतही नाही. लेरीच्या मानी माकडाला समुद्र सोसला नाही, झाडांना सोसला. म्हणून आपल्याकडे काजू आला, अननस आला, आणि सागुई ब्राझीलमध्येच राहिलं.

इंग्रजांनी तुपी शब्द घेण्याऐवजी घरातलाच मार्मोसेट शब्द पुढे चालवला. बराच काळ त्याचा अर्थ ‘कुठलंही छोटं माकड’ असाच होता. शेक्सपिअरच्या १६११ च्या सुमाराच्या ‘द टेम्पेस्ट’ नाटकात बेटावरचा कॅलिबन नव्या पाहुण्यांना चपळ मार्मोसेट कसा पकडायचा ते शिकवायची तयारी दाखवतो. तो आफ्रिकेतला की अमेरिकेतला, हे ज्यानं त्यानं ठरवावं. पुढे अमेरिकेतली माकडं अधिकाधिक येऊ लागली, जातींची मोजदाद सुरू झाली आणि शब्दाचा अर्थ आक्रसत आक्रसत या एका गटावर स्थिरावला.

शास्त्रीय नावांतही तोच प्रकार. स्वीडनच्या लिनिअसनं १७५८ साली साध्या मार्मोसेटला ‘जॅकस’ हे नाव दिलं. ते आलं ग्रीकांच्या इयाकस या देवावरून, आणि तो देवसुद्धा मूळ उत्सवातल्या आरोळीवरून निर्माण झाला असं मानतात. १७७७ साली जर्मन शास्त्रज्ञ एर्क्सलेबेन यानं ‘कॅलिथ्रिक्स’ ही प्रजाती लावली. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ सुंदर केसांचा. पण हे नाव रोमन लेखक प्लिनीनं पहिल्या शतकातच इथिओपियातल्या एका माकडासाठी वापरलं होतं. म्हणजे व्यवहारातलं नाव दगडी बाहुल्याचं, शास्त्रातलं नाव आफ्रिकेच्या माकडाचं. स्वतःचं नाव फक्त तुपींकडे होतं, ते मागे पडलं.

नाव बाहुल्याचं असल्यावर वागवणूकही बाहुल्याचीच होते. विसाव्या शतकातलं सर्वांत प्रसिद्ध मार्मोसेट म्हणजे मिट्झ. ते लेखक लिओनार्ड वुल्फ आणि व्हर्जिनिया वुल्फ यांच्या घरी १९३४ पासून होतं. एका मित्राकडे ते आजारी आणि दुबळं झालेलं पाहून लिओनार्डनं सांभाळायला घेतलं आणि बरं केलं. ते दिवसभर त्याच्या खांद्यावर बसे. १९३५ च्या मे महिन्यात वुल्फ दांपत्य मोटारनं जर्मनीतून गेलं. लिओनार्ड ज्यू. हिटलर सत्तेवर येऊन दोन वर्षं झाली होती. बॉन शहराजवळ रस्त्याच्या दुतर्फा नाझी गणवेशातली माणसं आणि झेंडे घेतलेली शाळकरी पोरं उभी होती, गोअरिंगच्या स्वागताला. गाडी त्याच गर्दीतून पुढे सरकली. लोकांचं लक्ष गेलं खांद्यावरच्या मिट्झकडे. हसू उसळलं, टाळ्या पडल्या, कौतुकाचे शब्द ऐकू आले. एवढं गोड पिल्लू खांद्यावर बसवणारा माणूस ज्यू असेल, अशी शंकाही कुणाला येईना, असं लिओनार्डनं आत्मचरित्रात लिहिलंय. मिट्झ १९३८ साली गेलं. माकडाचा चेहरा पाहून विरघळणारी तीच गर्दी पुढे माणसांच्या बाबतीत कशी वागली, हे सांगायला नको.

आता पुन्हा तो मार्को पोलोचा हिशेब. सप्टेंबर २०१९ मध्ये सक्तवसुली संचालनालयानं, म्हणजे ईडीनं, कोलकात्यातल्या एका प्रकरणात तीन चिंपांझी आणि चार मार्मोसेट जप्त केले. बनावट कागदपत्रांचं आणि वन्यप्राण्यांच्या तस्करीचं ते प्रकरण होतं. आर्थिक गैरव्यवहाराच्या कायद्याखाली घरं, खाती, दागिने जप्त झालेले आपण ऐकतो. तिथे जिवंत माकडांची मालमत्ता म्हणून नोंद झाली. चिंपांझींची किंमत प्रत्येकी २५ लाख आणि मार्मोसेटची प्रत्येकी दीड लाख रुपये धरली गेली. एकूण ८१ लाख. या प्राण्यांची व्यवस्था अलीपूरच्या प्राणिसंग्रहालयात झाली. पाव किलोच्या जिवाला दीड लाख, म्हणजे तोळ्यावर हिशेब करायचा झाला, तर चांदी कितीतरी मागे राहील.

अशी परदेशी जनावरं घरी पाळण्याची हौस आपल्या शहरांत वाढली आहे. पूर्वी आपला वन्यजीव कायदा मुख्यतः देशी प्राण्यांपुरता होता. २०२२ साली त्यात दुरुस्ती झाली आणि आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतल्या परदेशी प्राण्यांची नोंद करणं मालकांवर बंधनकारक झालं. जगातली सगळी माकडं त्या यादीत आहेत. कायदा आला, पण मोबाइलवर माकडाला बाटलीनं दूध पाजतानाचे व्हिडिओ पाहून ‘असं एक आपल्याकडे हवं’ म्हणणारं मन बदलायला वेळ लागतो. झाडाचा डिंक, किडे, ऊन आणि मोठं कुटुंब यांवर जगणारा हा जीव फ्लॅटमध्ये एकटा ठेवला की कुढतो. लेरीनं साडेचारशे वर्षांपूर्वी जे लिहिलं, ते पूर्णपणे चुकीचं नव्हतं.

खुद्द ब्राझीलमध्ये या हौसेनं वेगळंच संकट आणलंय. साधा मार्मोसेट हा मूळचा ईशान्य ब्राझीलचा. पाळण्यासाठी लोकांनी तो दक्षिणेकडे, रिओ आणि साव पावलो भागात नेला. कंटाळा आला की सोडून दिला. रिओच्या प्रसिद्ध शुगरलोफ डोंगरावर पर्यटक ज्या मार्मोसेटना कौतुकानं खाऊ घालतात, ते असे बाहेरून आलेल्यांचेच वंशज. त्याच आग्नेय भागातल्या डोंगराळ जंगलांत एक वेगळी जात पूर्वीपासून राहते, काळसर अंगाची आणि कानांवर पिवळट झुपक्यांची. आधीच जंगल तुटल्यामुळे ती धोक्यात होती. आता पाहुण्यांशी तिचा संकर होतोय. संकरित पिल्लं जगतात, वाढतात, पण मूळ जात विरघळत चालली आहे. झाडावर मार्मोसेट दिसत राहतील, आणि तरीही एक मार्मोसेट कायमचा गेलेला असेल.

यावर उपाय नाही असं मात्र नाही. पिगाफेट्टानं पाहिलेली ती सिंहासारखी सोनेरी माकडं १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जंगलात जेमतेम दोनशे उरली होती. प्राणिसंग्रहालयांत वाढवलेली माकडं जंगलात सोडली, तुटक जंगलं झाडं लावून जोडली, शेतकऱ्यांना बरोबर घेतलं. मधे पीतज्वराच्या साथीनं शेकडो माकडं मारली. तरी २०२३ च्या मोजणीत त्यांची संख्या सुमारे ४,८०० भरली. ब्राझीलच्या वीस रियालच्या नोटेवर त्यांचं चित्र आहे.

शेवटी पुन्हा नावाकडेच येऊ, कारण अलीकडे या गोष्टीला एक अनपेक्षित पान जोडलं गेलंय. मार्मोसेट दाट जंगलात एकमेकांना दिसत नाहीत, तेव्हा ‘फीऽऽ’ अशा लांब शिट्टीवजा आवाजात साद घालतात. एकानं घातली की दुसरा थांबून ऐकतो आणि मग उत्तर देतो. एकमेकांचं बोलणं ते तोडत नाहीत. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी हे २०१३ साली दाखवून दिलं. टीव्हीवरच्या चर्चांना हे जमत नाही! ऑगस्ट २०२४ मध्ये जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात आणखी पुढची गोष्ट मांडली. मार्मोसेट प्रत्येक सोबत्याला उद्देशून वेगळी ‘फी’ वापरतात, आणि आपल्याला उद्देशून घातलेली साद ज्याची त्याला बरोबर कळते. एकाच कुटुंबातले सदस्य एखाद्याला हाक मारताना सारखाच आवाज वापरतात, म्हणजे ते एकमेकांकडून ती शिकत असावेत. सोप्या भाषेत सांगायचं तर त्यांना नावं आहेत. माणसाशिवाय डॉल्फिन आणि हत्ती यांच्यात असं आढळलं होतं. माकडांमध्ये प्रथमच आढळलं.

आपण या प्राण्याला पुटपुट्या म्हटलं, बाहुला म्हटलं, देवाचं नाव दिलं, फोटोतल्या हसण्यासाठी वापरलं, दीड लाखांची मालमत्ता म्हणून नोंदवलं. ती सगळी पुटपुट चालू होती, तेव्हा तो आपल्या माणसांना नावानं हाका मारत होता. पुढच्या वेळी मोबाइलवर कुणाच्या तरी खांद्यावर बसवलेलं असं एखादं छोटं माकड दिसलं आणि ते ‘फी’ करून ओरडताना ऐकू आलं, तर ते गोड आवाज काढतंय असं समजू नका. ते कुणाला तरी हाक मारत असेल, आणि ज्याला मारतंय तो त्या घरात नसेल.